मागापलीकडची खोली

महदिया
९ नोव्हेंबर १९९४

मनूबियावन्सं,

सलाम. खजुराची पेटी पोचली. ओल्फाने वरचा थर त्याच दिवशी संपवला, पंधरा वर्षांची झाली तरी गोडावरचा हात आवरत नाही. लझहरभावजींना सांगा, यंदाचा खजूर गेल्या वर्षापेक्षा सरस आहे.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. फोन करायचा तर वाण्याच्या दुकानातून करावा लागतो. तिथे हरीसाच्या तिखट चटणीचा डबा घ्यायला आलेली बाईसुद्धा आपलं बोलणं संपेपर्यंत हलत नाही.

तुमच्या भावाचं बरं नाही. वसंतात सूसच्या इस्पितळात पाठीचं ऑपरेशन झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. जखम भरली. डॉक्टरांनी नवा फोटो काढला आणि म्हणाले, सगळं साफ आहे, आता कामाला लागा. पण कमरेपासून टाचेपर्यंतची कळ काही गेली नाही. सप्टेंबरात तैयब एकदा मागावर बसला आणि दुपारच्या अजानच्या आधीच उठला. त्यानंतर बसलेला नाही. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असतो. जेवायला हाक मारली तर म्हणतो, ठेव तिथे. संध्याकाळी ताट उचलायला गेले की तसंच असतं.

उन्हाळ्यात बुरावींच्या मुलीचं लग्न आहे. तिची रेशमी चादर तैयबनेच विणायची असं दोन वर्षांपूर्वी ठरलेलं आहे. मी त्यांना सांगितलंय, काम चालू आहे.

तो तुमचं ऐकतो. लहानपणापासून तुमचंच ऐकत आलाय. त्याला चार ओळी लिहा. मी सांगितलं म्हणून लिहिताय असं मात्र त्याला कळू देऊ नका.

तुमची
नजीहा


तोझर
२७ नोव्हेंबर १९९४

नजीहा,

तुझं पत्र वाचून मी चक्रावले. तू लिहितेस तैयब अंथरुणाला खिळलाय. आणि परवाच लुआज, ती भाड्याची गाडी, चालवणारा बशीर, ज्याची सासुरवाड तुमच्या गल्लीत आहे, तो सांगत होता की तुमच्या घरातून रोज मागाचा आवाज येतो. सकाळीही येतो, दुपारीही येतो. मग माझ्या भावाचा माग भुतं चालवतात का?

मी उगाच टोमणा मारत नाही. पण रमझानात मी तिकडे येणार म्हटलं होतं, आणि नेमकं तेव्हाच घरात आजारपण निघालं, हे माझ्या लक्षात आलंय. पाहुणे नको असतील तर तसं लिही. मला वाईट वाटणार नाही.

आणि खरंच पाठ दुखत असेल तर कोमट ऑलिव्ह तेल चोळ. हम्मामात वाफ घ्यायला पाठव. जवाच्या शोरब्यात मेंढीचं हाड टाक. आमच्या बाबांचे गुडघे सुजून खरबुजाएवढे व्हायचे, तरी ते मागावर बसत. पुरुष घरात पडून राहिला की त्याचं मन सडतं. त्याला पडू देऊ नकोस, एवढंच तुझ्या हातात आहे.

मनूबिया


महदिया
१४ डिसेंबर १९९४

मनूबियावन्सं,

माग मी चालवते.

लिहून टाकलं, आता हलकं वाटतंय. लग्न होऊन आल्यापासून मी त्या मागाशेजारी बसून रेशमाच्या कांड्या भरत आलेय. कुठल्या पावडीवर कुठला पाय पडतो, फणी किती ओढायची, हे मला पाठ झालं होतं. फक्त हात कधी लावला नव्हता. आमच्या गावात रेशमाच्या मागावर बाई बसत नाही, हे मला तुम्ही सांगायला नको. म्हणून रस्त्याकडची खिडकी बंद ठेवते. लोकांना वाटतं तैयबच विणतोय. मी वाटू देते. बशीरलाही तसंच वाटू द्या.

पहिल्या दिवशी आडव्या धाग्याचा धोटा फिरवला तेव्हा वाटलं, आता हा आतून ओरडेल. ओरडला नाही. तिसऱ्या का चौथ्या दिवशी एवढंच म्हणाला, "हळू मार. डोक्यात वाजतं." तेव्हापासून मला वाटतंय की तो माझ्यावर चिडलाय. बायको नवऱ्याच्या जागेवर बसली हे कुठल्या पुरुषाला आवडेल? पण चिडलेला माणूस भांडतो तरी. हा भांडतही नाही. दाढी वाढलीय, कपडे बदलायचं नाव नाही. ओल्फाला गणितात पहिला नंबर मिळाला, ती धावत सांगायला गेली. भिंतीकडे तोंड करूनच "छान" म्हणाला. पोरगी बाहेर येऊन चुलीपाशी उगीचच भांडी घासत बसली.

शेजारीण म्हणते नजर लागली. मशिदीतले त्याचे मित्र आले, सब्र ठेव म्हणाले, चहा पिऊन गेले. पुन्हा आले नाहीत. मीही संत नाही, वन्सं. एक दिवस माझा तोल गेला. म्हटलं, "डॉक्टर म्हणतात तू बरा झालायस." त्यावर म्हणाला, "मग त्या डॉक्टरालाच नवरा करून आण घरी." तीन आठवड्यांत माझ्याशी बोललेलं तेवढं एकच लांब वाक्य. मला हसू आलं. तो हसला नाही.

तेल चोळून पाहिलं. हात लावला की अंग चोरतो. कधी दुखतं म्हणून आणि कधी नुसतंच, हे मला आता ओळखता येत नाही.

रमझानात जरूर या. मी खोटं सांगत नव्हते.

नजीहा


तोझर
२० जानेवारी १९९५

माझ्या तैयब,

तुझी बहीण लिहितेय. उशीर झाला, खजुराची तोडणी संपल्यावर माझ्यात काही उरत नाही.

तुला गोड गोड लिहिणारे पुष्कळ असतील. मी लिहिणार नाही. ऊठ. तुझ्या घरात तुझी बायको बंद खिडकीआड तुझं काम करतेय. उद्या गल्लीला कळलं तर बाबांच्या नावाचं काय राहील? दुखतं सगळ्यांना. ज्याला दुखत नाही असा माणूस मी या वयात पाहिलेला नाही. सकाळी डोळे उघडले की स्वतःला सांगायचं, ऊठ, आणि पाय जमिनीवर ठेवायचे. पुढचं आपोआप होतं.

लहानपणी तू बंदरावर पडलास, कपाळ फुटलं, तरी रडला नाहीस. तो तैयब कुठे गेला? त्याला शोध आणि मागावर बसव.

रागाने लिहीत नाही. तुझ्याशिवाय मला माहेरचं कोण आहे?

मनूबिया


महदिया
६ मार्च १९९५

मनूबियावन्सं,

ईद झाली. तुम्ही आला नाहीत. एका अर्थी बरंच झालं, कारण आमच्याकडे ईद नव्हतीच. जे झालं ते लिहिते. वाचताना बसून वाचा.

गोळ्या चालू म्हणून डॉक्टरांनी तैयबला रोजे ठेवू नका सांगितलं होतं. त्याची त्याला फार लाज वाटायची. दार लावून, आवाज न करता जेवायचा, चोरी केल्यासारखा. मग तुमचं पत्र आलं. त्याने वाचलं, घडी घातली, उशीखाली ठेवलं. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाला, "बरोबर लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून उठला. दाढी केली, आंघोळ केली, पेटीतला स्वच्छ जेब्बा काढून घातला. वन्सं, मला इतका आनंद झाला की मी मनात तुम्हाला दुवा दिली. ओल्फा शाळेला निघत होती, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आईला त्रास देऊ नकोस." मला म्हणाला, न्हाव्याकडे जाऊन येतो. मी धोटा फिरवतच होते. मान वर करून नुसती हसले.

ओल्फा कोपऱ्यावरून परत आली. म्हणाली, "आई, दाढी करून झाल्यावर बाबा न्हाव्याकडे कशाला गेले?"

मी डोक्यावर ओढणीसुद्धा घेतली नाही. न्हाव्याकडे नव्हता. बंदरावर नव्हता. मग ओल्फाच म्हणाली, आजीकडे. टोकावरच्या कब्रस्तानात आम्ही पळत गेलो. तुमच्या आईच्या कबरीच्या खाली जिथे खडक पाण्यात उतरतात, तिथे तो बसला होता. शेजारी ऑक्टोपस धरणारा आमोरचाचा. त्याने तैयबची बाही मुठीत घट्ट धरली होती आणि ऑक्टोपस पकडायची मडकी समुद्रात कशी सोडायची, दोर कुठे बांधायचा हे तो समजावत होता. आम्हाला पाहिलं तरी त्याने बाही सोडली नाही, बोलणंही थांबवलं नाही.

तैयब स्वतःच म्हणाला, "खाली उतरायचं होतं. पण पाय खाली घेतला आणि अशी कळ आली की हलताच येईना." मग हसला. कितीतरी महिन्यांनी हसला, आणि त्यातच रडायला लागला. आमोरचाचा म्हणाला, "रडू दे. वारा आहे, कुणाला ऐकू जात नाही."

ओल्फाच्या शाळेत एक बाई आहेत, त्यांनी मोनास्तीरच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. आम्ही गेलो. बाई वयाने माझ्याएवढ्या असतील. त्यांनी फोटो उजेडाकडे धरून पाहिले आणि बाजूला ठेवले. पहिलाच प्रश्न विचारला, "झोप कशी लागते?" मग विचारलं, पूर्वी काय आवडायचं, आता त्यातलं काय आवडतं. तैयब म्हणाला, काही नाही. मरावंसं वाटतं का, असंही त्यांनी सरळ विचारलं. मी खुर्ची धरून बसले. तो म्हणाला, हो.

त्यांनी आम्हा दोघांना समजावलं. फोटो साफ असला तरी दुखणं खरं असतं. इतके महिने दुखत राहिलं की नसा दुखायला शिकतात आणि कारण संपलं तरी थांबत नाहीत. आणि सतत दुखणारा माणूस झोपत नाही, हलत नाही, कुणात मिसळत नाही, त्यातून मनाचा आजार होतो. मनाचा आजार झाला की तेच दुखणं दुप्पट जाणवतं. यातलं एक खोटं आणि एक खरं असं नाही, म्हणाल्या, दोन्हींवर एकदम इलाज करावा लागेल आणि वेळ लागेल. "पूर्ण जाईल असं मी कबूल करत नाही," असंही म्हणाल्या. परतताना तैयब म्हणाला, त्या शेवटच्या वाक्यामुळे त्याचा त्यांच्यावर विश्वास बसला.

उशीखालचं तुमचं पत्र मी वाचलं. राग आला होता. आता नाही. रागावायलासुद्धा अंगात बळ लागतं, आणि ते मला रोज थोडं थोडं पुरवून वापरावं लागतंय. तुम्ही त्याच्या भल्यासाठीच लिहिलंत. मीही त्याला तेच सांगत होते, फक्त वेगळ्या शब्दांत.

नजीहा


महदिया
१८ मे १९९५

ताई,

तू दोन महिन्यांत एक ओळ लिहिली नाहीस. नजीहा म्हणते, तुला धक्का बसला असेल. म्हणून मीच लिहितो. उभ्याने लिहितोय, कपाटाच्या फळीवर कागद ठेवून, म्हणून अक्षर असं आहे.

तुझ्या पत्रामुळे काही झालं नाही. ते आधीच ठरलेलं होतं. हे नीट वाच आणि मनातून काढून टाक.

काय होत होतं ते सांगतो. दुखायचं ते तर होतंच. पण एखाद्या दिवशी कमी दुखलं तरी उठावंसं वाटायचं नाही, आणि ते मला स्वतःलाच समजायचं नाही. वाटायचं, म्हणजे मी ढोंगीच आहे, लोक बोलतात ते खरं आहे. पलीकडच्या खोलीतून मागाचा आवाज यायचा. मी पडल्या पडल्या ऐकायचो. पहिल्यांदा धागा तुटायचा, मग तुटेनासा झाला. मला वाटलं, झालं, घर माझ्याशिवाय चालायला लागलं, आता मी नसलो तरी यांचं अडत नाही. आणि नजीहाला वाटत होतं, ती माझ्या जागेवर बसली म्हणून मी तोंड फिरवलंय. अठरा वर्षांचा संसार, मध्ये एक भिंत, आणि दोघंही चुकीचं ऐकत होतो.

आता दोन प्रकारच्या गोळ्या आहेत. बाई म्हणतात त्यातली मनासाठीची गोळी दुखणंही थोडं कमी करते. पहिले काही आठवडे तोंड कोरडं पडायचं आणि काहीच फरक नव्हता. मी बंद करणार होतो, ओल्फाने करू दिल्या नाहीत. सकाळी बंदरापर्यंत चालतो. आमोरचाचा भेटला की त्याच्या जुन्या दोरांच्या गाठी सोडवून देतो. तो माझ्याशी त्या दिवसाबद्दल बोलत नाही. माशांच्या भावाबद्दल बोलतो.

चादर झाली. शेवटचे दोन महिने मी मागाशेजारी गादीवर आडवा पडून नजीहाला सांगत होतो, इथे चुकलं, उसव. ती म्हणायची, "आजारी होतास तेच बरं होतं." परवा बुरावीबाई न्यायला आल्या. कापड उलटसुलट करून पाहिलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "तैयब, ऑपरेशननंतर तुझा हात सुधारलाय हं." नजीहा स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर हात धरून हसत होती. मला गप्प राहता आलं असतं. पण मी सांगितलं, हात माझा नाही, हिचा आहे. बाईंनी चादरीची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, धाकटीच्या वेळीही हिलाच सांगते. खिडकी आम्ही दुसऱ्या दिवसापासून उघडी ठेवली. गल्लीत आठवडाभर कुजबूज झाली. नंतर कुणाच्या तरी बोकडाने कुणाची तरी मेथी खाल्ली, आणि लोक तिकडे वळले.

मी बरा झालो असं समजू नकोस. आत्ता लिहितानाही टाचेपर्यंत कळ आहे. गेल्या आठवड्यात तीन दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड करून होतो. नजीहा आत येऊन शेजारी बसली आणि तिथेच वाटाणे सोलत राहिली.

एक विचारायचं आहे. मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा लझहरभावजी म्हणाले, ती झोपलीय. एकदा सकाळचे अकरा वाजले होते. तू आमच्या घरात सगळ्यांच्या आधी उठणारी. काय झालंय?

तैयब


तोझर
११ जून १९९५

नजीहा,

हे तुलाच लिहितेय. तैयबला दाखवू नकोस.

त्याचं पत्र माझ्याकडे बरेच दिवस आहे. उत्तर लिहायला बसते आणि खांदा धरतो, मग मान, मग डोकं. आडवी होते. आडवी झाले की मग उठायचं कारण सापडत नाही. कधीपासून हे चाललंय ते मला सांगता येणार नाही. धाकटा मुलगा नोकरीसाठी परगावी गेला त्याच्या आधीपासून दुखत होतं. तो गेल्यावर सगळ्याच अंगात पसरलं. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले. काही निघत नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, वय आहे, आणि मन रमवा.

स्वयंपाक लझहर करतो. पूर्वी अंडं उकडायलाही येत नव्हतं त्याला. कुणी विचारलं तर सांगतो, ती झोपलीय. मी झोपलेली नसते. पडद्यामागे जागीच असते आणि तो खोटं बोलताना ऐकते.

तू पहिल्यांदा लिहिलंस, ताट तसंच परत येतं, तेव्हा मला वाटलं ही बाई मला पाहून गेली की काय. म्हणूनच तुझ्यावर इतकी चिडले. तैयबला मी जे लिहिलं, ऊठ, पाय जमिनीवर ठेव, ते मी रोज सकाळी स्वतःला सांगत होते. माझ्यावर त्याचा काही उपयोग होत नव्हता. वाटलं, त्याच्यावर होईल.

ईदला मी येणार होते. कपडे केले, पिशवी भरली. बशीर दारात येऊन हॉर्न वाजवत होता. मी पलंगाच्या कडेवर बसले होते, आणि हॉर्न ऐकत राहिले. शेवटी लझहर बाहेर जाऊन त्याला जा म्हणाला.

खडकांबद्दल तू लिहिलंस, ते वाचल्यापासून मी भीत असते. तैयबसाठी नाही.

मला काही नको आहे. फक्त त्या डॉक्टरीणबाईंचं नाव काय, ते लिही. एवढ्या लांब मी जाणार नाही, पण नाव माहीत असावं.

मनूबिया


महदिया
१६ जून १९९५

मनूबियावन्सं,

माफ करा, तैयबला दाखवलं. लपवण्याचे दिवस आमच्या घरात संपले, आणि पुन्हा सुरू करायची माझी हिंमत नाही.

कपाटाला टेकून उभ्या उभ्या त्याने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "माझ्या बहिणीला एकटीला पडू द्यायचं नाही." डॉक्टरीणबाईंना मी वाण्याच्या दुकानातूनच फोन केला. सगळी गिऱ्हाईकं कान लावून होती, ऐकू दे. बाईंचं नाव दलेंदा. त्या याच महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तुमच्यासाठी वेळ काढून ठेवतायत. खडकांबद्दल तुम्ही जे लिहिलंत, तेही मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, भीती वाटते हे बोललात ते फार चांगलं केलंत, आणि आम्ही पोचेपर्यंत भावजींनी तुम्हाला घरात एकटं ठेवू नये. मी भावजींना वेगळा फोन करून हे सांगितलंय. तुमच्या पाठीमागून केलं असं वाटू नये, म्हणून इथे लिहिते.

तुम्हाला न्यायला आम्ही बुधवारी निघतो. तैयबला एवढा वेळ बसता येत नाही, म्हणून सासुरवाडीला आलेला बशीर त्याच्या लुआजची मागची सीट काढून तिथे गादी टाकणार आहे. वाटेत स्फाक्सला आणि गफ्साला थांबू, तैयब खाली उतरून चार पावलं चालेल. दुखेलच. तो म्हणतो, इथे पडूनही दुखतं, तर तोझरला जाऊन दुखू दे. औषधं, उशी, पाण्याची बाटली, सगळं ओल्फाने बांधून ठेवलंय. ती तुमच्याशी काय बोलायचं हे मला सारखं विचारते. मी म्हटलं, काही बोलू नकोस, गणिताचं पुस्तक घेऊन शेजारी बस.

आम्ही येणार म्हणून कपडे करून बसू नका. घर आवरू नका. भावजींना म्हणावं, अंडी उकडलेली चालतील.

आणि आम्ही आल्यावर उठता आलं नाही तर उठू नका, वन्सं. तुमच्या पलंगाशेजारी जमिनीवर एक गादी टाकून ठेवायला सांगा. तुमच्या भावालाही आल्या आल्या आडवंच व्हावं लागणार आहे.

नजीहा